रेडीमेड पीसी का असेंबल केलेला? दोन्ही कॅबिनेट उघडून बघितल्यावरचा रिव्ह्यू

माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत. एक मोठ्या ब्रँडचा टॉवर, खोक्यातून काढला, वायरी लावल्या, चालू. दुसरा एकेक पार्ट जमवून स्वतः जोडलेला. दोन्हीवर काम होतं, गेम होतात, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग होतं, त्यामुळे कुठल्या एका बाजूचा झेंडा घेऊन मी हे लिहीत नाहीये. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे जे सांगणारे ते करणारा तो एकटा नाही नी नाव टाकलं की सगळी चर्चा तिकडेच वळते.

पीसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, स्वस्त काय पडतं. एरवी उत्तर सोपं असायचं, स्वतः जोडला की जोडणावळ वाचते नी तेवढ्याच पैशात एक पायरी वरचं ग्राफिक्स कार्ड बसतं. पण या "एरवी"वर विसंबून राहू नका. २०२१ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग करणाऱ्यांनी (म्हणजे कॉम्प्युटरला हिशेबाला लावून ते चलन कमावणाऱ्यांनी) ग्राफिक्स कार्डं उचलली होती तेव्हा नुसतं कार्ड मिळेना म्हणून लोक अख्खा रेडीमेड पीसी घेत होते, कार्ड काढून घेऊन बाकीचा विकत होते. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं, कार्डं परत दिसायला लागली. मग २०२५ च्या शेवटी तोच खेळ रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या बाबतीत. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स नी मायक्रॉन, नी त्यांचा माल एआय डेटा सेंटरांकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायची घोषणा केली. अशा वेळी सुटी रॅम घेणारा पहिल्यांदा भाजून निघतो, कारण मोठ्या पीसी कंपन्यांचे सौदे आधी झालेले असतात, गोदामात माल असतो, त्यांच्याकडे भाववाढ उशिरा पोचते. म्हणजे स्वस्त काय याचं उत्तर ज्या महिन्यात विचाराल त्या महिन्याचं असतं. दोन्हीकडचे भाव त्याच दिवशी समोर ठेवून बघा, नी बघताना विंडोजचं लायसन धरायला विसरू नका, रेडीमेडच्या किमतीत ते बहुतेकदा आलेलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. माझा रेडीमेड टॉवर बाहेरून झक्कास होता, काच, आरजीबी लाईट, सगळा थाट. माहितीपत्रकात प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात, ग्राफिक्स कार्डाचं नाव मोठ्या अक्षरात, १६ जीबी डीडीआर५ (रॅमचा एक प्रकार), १ टीबी एसएसडी. यात खोटं काहीच नव्हतं. पण साइड पॅनल उघडलं नी वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते समोर आलं. रॅमची एकच स्टिक (पट्टी), म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन रस्ते (चॅनल) असताना एक बंद, बँडविड्थ सरळ निम्मी. यावर विकणारे सांगतात की डीडीआर५ च्या एका स्टिकमध्येच दोन चॅनल असतात. असतात, पण ते ३२ बिटचे दोन, बेरीज ६४ च, आधीच्या एका चॅनलइतकीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही गेममध्ये थोडं कमी जाणवेल, पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालवणार असाल तर हाल होतात कारण ते बिचारं त्याच रॅममधून जगतं.

बरं रॅम तरी वाढवता येते. खरं घोडं अडलं एसएमपीएसपाशी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी. मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायचं होतं, त्याला लागणारी ८ पिनची जादा वायर एसएमपीएसमधून आलेलीच नव्हती. म्हटलं ठीक, एसएमपीएस बदलू. तर मदरबोर्डावर (सगळे पार्ट ज्याला जोडतात तो बोर्ड) वीज घ्यायचं नेहमीचं २४ पिनचं सॉकेटच नाही! त्या जागी कंपनीचं आपलं वेगळंच छोटं कनेक्टर. एसएमपीएसचा आकारही निराळा, स्क्रूची भोकं जुळत नाहीत. मग मदरबोर्डच बदलावा तर कॅबिनेटमधले स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर कसतात ते खुंट) त्याच्याच मापाचे, पुढच्या पॉवर बटणाची वायर एका अगम्य प्लगमध्ये, नी मागची पोर्टांची (आयओची) पट्टी कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली. एक बदलायला गेलं की तिन्ही बदला, नी तिन्ही बदलली की उरलं काय, प्रोसेसर नी एसएसडी.

एटीएक्स म्हणजे मदरबोर्ड नी कॅबिनेटचं स्टँडर्ड माप, ते इंटेलने १९९५ ला ठरवलं. तेव्हापासून ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड, ठरलेली भोकं, ठरलेल्या जागी मागचे पोर्ट, त्यामुळे वीसेक वर्षं जुन्या चांगल्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसू शकतो. मायक्रो एटीएक्स, मिनी आयटीएक्स ही धाकटी भावंडंपण त्याच भोकांवर बसतात. एवढं सोन्यासारखं स्टँडर्ड सोडून स्वतःचं माप काढायचं कारण काय, तर खर्चात काही वाचतं नी गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत आख्खा डबा घ्यायला येतं. (१० पिनचं एटीएक्स१२व्हीओ म्हणून इंटेलचं एक स्टँडर्ड आहे, त्यात एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो नी ५ नी ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो. ते वेगळं, त्याला निदान कागद आहे. माझ्यातलं कनेक्टर त्यातलंही नव्हतं.)

म्हणून माझं मत असं झालंय की स्क्रू कोणी पिळला याने फारसा फरक पडत नाही, आतले पार्ट स्टँडर्ड मापाचे नी नावागावाचे आहेत का एवढंच बघायचं. कारण काही रेडीमेड पीसी अगदी बाजारात सुटे मिळतात त्याच पार्टांनी जोडलेले असतात, ते घ्यायला माझी काही हरकत नाही, नी काही असेंबल केलेले डबे असे असतात की प्रोसेसर भारी नी एसएमपीएस म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, उचलला तरी हलका लागतो.

एसएमपीएसवर जरा जास्त बोलतो कारण सगळे तिथेच पैसे वाचवतात. ८० प्लसचं स्टिकर म्हणजे दर्जाचा शिक्का नाही, ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ब्राँझ ८५ टक्के नी गोल्ड ९० टक्के, बस. शॉर्ट झालं तर बंद पडेल का, जादा करंट गेला तर आवरेल का, यातलं काहीच त्या स्टिकरमध्ये नाही. त्यापेक्षा वॉरंटी बघा, कंपनी १० वर्षं देत असेल तर तिला आपल्या मालाची खात्री आहे असं समजायला हरकत नाही. दुसरं म्हणजे मॉड्युलर (वायरी काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी एकमेकांच्या वापरू नका, कधीच नाही. ग्राफिक्स कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. वायर बसते मस्त नी हार्ड डिस्क जळते. तिसरं ते ग्राफिक्स कार्डाला वीज देणारं १६ पिनचं नवं कनेक्टर, ६०० वॉटपर्यंत नेतं, २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० या कार्डावर वितळल्याच्या बातम्या आल्या त्या त्याच्याच. पुढे १२व्ही-२एक्स६ नावाने त्यात सुधारणा झाली, कनेक्टर नीट बसलंय का ते ओळखणाऱ्या (सेन्स) पिना आखूड केल्या म्हणजे अर्धवट बसलं तर कार्ड करंट ओढणार नाही, तरी पण दाबून पूर्ण बसवा, टॉर्च मारून फट दिसतेय का बघा, नी वायर कनेक्टरच्या तोंडापासूनच वाकवू नका.

आता स्वतः जोडण्याचा अनुभव. लोकांना वाटतं हे इंजिनिअरचं काम, तसं काही नाही, स्क्रू ड्रायव्हर एक लागतो नी बोर्डाचं मॅन्युअल. अवघड आहे ते पार्ट निवडणं, जोडणं नाही. जोडणं एका निवांत संध्याकाळीत होतं, निवडण्यात मात्र माणूस हरवून जातो, रात्री झोपताना पण डोक्यात चिपसेट. पीसीपार्टपिकरसारखी साइट प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डावरची त्याची बैठक) जुळतं का, कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का वगैरे बघून देते, तेवढं वापराच.

सॉकेट निवडताना पुढचं बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या, २०१७ ला त्यांचे रायझन प्रोसेसर आले तेव्हा घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर नुसता बायॉस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालला. बोर्ड तोच, रॅम तीच, प्रोसेसर बदलला नी मशीनला पाच वर्षांनी नवं आयुष्य. एएम५ २०२२ ला आलं नी त्यालाही कंपनीने लांबचा शब्द दिलाय. इंटेलचं एलजीए १७०० बाराव्या, तेराव्या नी चौदाव्या जनरेशनला पुरलं, मग २०२४ च्या ऑक्टोबरात १८५१ आलं. हा फायदा रेडीमेडमध्ये पण मिळू शकतो, फक्त कंपनीने तसा बायॉस दिला पाहिजे, नी जुन्या मॉडेलला नवा बायॉस द्यायची त्यांना काय घाई असणार.

जोडताना सगळ्यात जास्त धडधड होते ती प्रोसेसर बसवताना. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, वरून अलगद सोडायचा, दाबायचा नाही, मग लिव्हर खाली आणायची. ती लिव्हर इतका जोर मागते नी असा करकर आवाज येतो की नक्की काहीतरी मोडलं असं वाटतं, नी मध्येच ते काळं प्लॅस्टिकचं झाकण टपकन उडतं. हे सगळं असंच व्हायचं असतं. ते झाकण आधी काढू नका, ते सॉकेटच्या पिनांना वाचवतं, नी पिना आता एएम५ मध्येपण बोर्डावर असतात, केसासारख्या, एक वाकली तरी बोर्ड गेला समजा. झाकण टाकूनही देऊ नका, बोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला तर लागतं.

बाकी भराभर सांगतो. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सोला, एम.२ एसएसडीच्या हीटसिंकखाली (उष्णता ओढणाऱ्या पत्र्याखाली) पण असतो. रॅम दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या नी चौथ्या स्लॉटमध्ये. चार स्टिक घेऊ नका, चार लावल्या की डीडीआर५ चा वेग पडतो, रायझन ७००० ला एएमडीनेच दोन स्टिकला ५२०० नी चार स्टिकला ३६०० चा वेग दिलाय, त्यामुळे हवी तेवढी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्या. बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची वायर आधीच ओढून ठेवा, मोठा कूलर बसल्यावर तिथे बोट जात नाही, नी ती राहिली तर पंखे फिरतात पण डिस्प्ले काही येत नाही नी माणूस रात्रभर रॅम काढघाल करत बसतो. पुढच्या बटणांच्या त्या चिमुकल्या पिना म्हणजे वैताग, पण पॉवर बटणाला उलटसुलट नसतं, फक्त एलईडीला असतं, उलटी लागली तर एलईडी लागत नाही एवढंच.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील. एएम५ नी डीडीआर५ असेल तर काही मिनिटंसुद्धा राहील, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला. या काळात बटण दाबून बंद करायचा मोह सगळ्यांना होतो, नी बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील तर डीरॅमचा पेटलेला दिसेल, पेटू द्या, चहा करून या. डिस्प्ले आला की बायॉसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम घेऊन ती आपली ४८०० वर चालत राहते नी तुम्हाला कळत पण नाही. नी हो, मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात लावा, बोर्डात नाही. हसू नका, भल्याभल्यांचे गेम यामुळे रखडलेत.

आता रेडीमेडची खरी ताकद कुठे आहे ते सांगायलाच पाहिजे, ती म्हणजे बिघाड. रेडीमेडमध्ये एक बिल, एक नंबर, आख्खा डबा त्यांच्या गळ्यात. स्वतः जोडलेल्यात प्रत्येक पार्टाची वॉरंटी वेगळी, बॉक्सवाल्या (खोक्यात सुटा मिळणाऱ्या) प्रोसेसरला साधारण ३ वर्षं, रॅमला बऱ्याच कंपन्या आयुष्यभराची म्हणतात, एसएमपीएसला ५ ते १०, कागदावर ही बेरीज रेडीमेडपेक्षा कितीतरी भारी. पण वॉरंटी वापरायला कुठला पार्ट गेलाय ते आधी कळलं पाहिजे ना. डिस्प्ले गेला, मग रॅम, बोर्ड, कार्ड का एसएमपीएस? हे शोधायला बदलून बघायला जादा पार्ट लागतात, ते घरात कोणाकडे असतात? ज्याच्याकडे दुसरा पीसी नाही नी ज्याचं काम एक दिवस थांबलं तर नुकसान होतं, त्याने हा मुद्दा मनात घोळवावा, बाकी सगळे मुद्दे याच्यापुढे फिके आहेत.

उलटी बाजूपण आहे. इंटेलच्या तेराव्या चौदाव्या जनरेशनचे काही प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे खराब होत होते, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड (बायॉसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आला नी बॉक्सवाल्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढून पाच झाली. ज्यांनी स्वतः जोडलेला त्यांनी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून बायॉस घेतला, पेन ड्राइव्हवरून टाकला, मोकळे. रेडीमेडवाल्यांना आपली कंपनी बायॉस कधी देतेय याकडे डोळे लावून बसणं आलं.

मधला रस्ता म्हणजे पार्टांची यादी तुम्ही करायची नी जोडून दुकानदाराने द्यायचं. मला हा रस्ता बऱ्याच जणांसाठी सगळ्यात बरा वाटतो. पण बिलावर "१६ जीबी रॅम" असं मोघम नको, प्रत्येक पार्टाचं पूर्ण मॉडेल पाहिजे, सगळी रिकामी खोकी नी उरलेल्या मॉड्युलर वायरी मागून घ्या, नी कॅबिनेट उघडलं तर वॉरंटीचं काय ते लेखी घ्या. यादीतला एसएमपीएस "स्टॉकमध्ये नाही, त्याच तोडीचा दुसरा टाकतो" असं कोणी म्हणालं तर थांबा, तोडीचा म्हणजे कोणाच्या मते ते विचारा.

काही मशीन तर स्वतः जोडताच येत नाहीत हे पण आहे. २०२४ चा एम४ वाला मॅक मिनी घ्या, तळहाताएवढा, १६ जीबीपासून सुरू, त्या आकारात नी तेवढ्या विजेत तसं काही सुट्या पार्टांनी जमणार नाही, बदल्यात रॅम जन्मभर तेवढीच. किंवा २०२५ चा फ्रेमवर्क डेस्कटॉप, ही कंपनी दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखली जाते, तिने पण यात रॅम सोल्डर केली, १२८ जीबीपर्यंत, कारण २५६ बिटच्या त्या रुंद मेमरीचा सिग्नल स्टिकमधून धड जात नाही. तरी बोर्ड मिनी आयटीएक्सच्या मापाचा ठेवला, म्हणजे उद्या दुसऱ्या कॅबिनेटमध्ये जाईल. मोठी एआय मॉडेलं घरी चालवणाऱ्याला हा रेडीमेड डबा परवडेल, गेमवाल्याला नाही. नी ज्याला फक्त ब्राउझर, एक्सेल नी व्हिडिओ कॉल करायचेत त्याने मिनी पीसी घ्यावा, त्याला टॉवर कशाला नी हा सगळा उपद्व्याप तरी कशाला.

माझ्या त्या ब्रँडवाल्या टॉवरमध्ये रॅमची दुसरी स्टिक घातली, विंडोज नव्याने टाकलं (लायसनची की बायॉसमध्येच असते, विचारत पण नाही), सोबत आलेला ट्रायलचा अँटिव्हायरस नी बाकी कचरा गेला, नी आता तो खरंच चांगला चालतो, ऑफिसच्या कामाला पाचपैकी साडेतीन देईन. ग्राफिक्स कार्ड मात्र जे आलं तेच राहणार. स्वतः जोडलेल्याला साडेचार, अर्धा कापला तो त्या पुढच्या पिनांसाठी. आज रॅमचे भाव चढलेले असताना नवा घ्यायचाच असेल तर मी रेडीमेडकडेपण बघेन, पण पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारेन, बोर्डावर २४ पिनचं सॉकेट आहे का, एसएमपीएसचं मॉडेल काय, नी रॅमच्या स्टिक किती. तीनपैकी एकाचंही उत्तर "ते कंपनी ठरवते" असं आलं तर तो डबा तिथेच राहू द्यायचा.